सतराचे मागचे पाय

सकाळी पावणेसातला प्राणिगृहातून फोन आला. एवढ्या सकाळी तिथून कुणी बरी बातमी द्यायला फोन करत नाही.

"मॅडम, सतरा मागचे पाय ओढतेय. काल संध्याकाळी फळीवर चढली नाही, मला वाटलं रुसलीये. आज बघतो तर मागचा भाग सारखा घसरतोय."

सतरा म्हणजे मांजर. आमच्याकडे मांजरांना नावं ठेवायची नाहीत असा अलिखित नियम आहे. नावं ठेवायला (दोन्ही अर्थांनी) आम्हाला सुचतं भरपूर, पण शेवटी शवविच्छेदन आम्हालाच करायचं असतं. म्हणून नंबर. आणि मग नंबरचंच नाव होऊन बसतं. 'सतरा' म्हणून हाक मारली की ही डोकं वळवायची.

तिला सँडहॉफ आजार होता, जन्मजात. पेशीत नको ते मोडून टाकणारी लायसोझोम नावाची पिशवी असते. त्या पिशवीतलं हेक्सोसामिनिडेज हे एन्झाइम नसलं, की जीएम2 नावाचा स्निग्ध पदार्थ मोडला जात नाही आणि चेतापेशीत साठत राहतो. पेशी फुगतात आणि मरतात. माणसाच्या बाळांमध्ये याचा तीव्र प्रकार पहिल्या वर्षातच दिसू लागतो: बसायला शिकलेलं बाळ बसणं विसरतं. मांजरांमध्ये हाच आजार असल्याचं 1977 साली प्रसिद्ध झालं. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू मान थरथरवायला लागतं, मग झोकांड्या, आणि साडेचार महिन्यांच्या आसपास ते उभंच राहू शकत नाही. त्यापुढे त्याला जगवायचं नाही, अशी रेषा आम्ही आधीच आखलेली असते.

सतराची उपचार न मिळालेली भावंडं त्या रेषेपाशीच गेली. सतरा दोन वर्षं दोन महिन्यांची होती.

ती सहा आठवड्यांची, साडेसहाशे ग्रॅमची असताना मी तिची कवटी धातूच्या चौकटीत बसवली होती. मेंदूच्या मधोमध दोन्ही बाजूंना असणाऱ्या थॅलॅमसमध्ये आणि लहान मेंदूच्या आतल्या केंद्रांमध्ये मिनिटाला दोन मायक्रोलिटर अशा गतीने विषाणू सोडला. एएव्ही हा विषाणू स्वतः आजार करत नाही. त्याच्या पोटातली मूळ सामग्री काढून टाकायची आणि आपल्याला हवं ते जनुक भरायचं, म्हणजे तो निरोप पोचवणारा होतो. थॅलॅमस निवडायचं कारण, तिथून मेंदूच्या सगळ्या कोपऱ्यांत रस्ते जातात. शिवाय ज्या पेशीत जनुक पोचलं ती आपलं थोडं एन्झाइम बाहेर टाकते आणि शेजारच्या पेशी ते उचलतात. एका पेशीची उणीव दुसरी भरून काढू शकते, हे एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये दुसऱ्या साठवण-आजारांच्या पेशींवर दाखवलं होतं. आमचा सगळा धंदा त्या उधारीवर चालतो. प्रत्येक पेशी गाठता येत नाही. थोड्या गाठायच्या आणि शेजारधर्मावर विसंबायचं.

उंदरात हे कधीच जमलं होतं. पण उंदराचा मेंदू अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. मांजराचा तीस ग्रॅमच्या घरात, माणसाचा तेराशे-चौदाशे. शिवाय उंदीर भलताच फसवा. टे-सॅक्स या सख्ख्या आजाराचं जनुक उंदरात मोडून ठेवलं, तर उंदीर जवळजवळ ठणठणीत राहतो, कारण तो पदार्थ मोडायला त्याच्याकडे दुसरी वाट आहे. मांजराकडे ती नाही, आणि आपल्याकडेही नाही.

तर, दहाची मीटिंग. मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. विषाणू बनवणारी सहकारी फळ्यासमोर उभी होती, हातात कालचा कप.

"संपलं," ती म्हणाली. "एक्स्प्रेशन गेलं, जनुक एन्झाइम बनवत नाहीये. प्रतिकारशक्तीने गाठलं असणार."

"दोन वर्षांनी?"

"का नाही? अँटिबॉडी आहेतच तिच्या रक्तात."

तिचं चुकत नव्हतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. एएव्हीचं जनुक बहुतांशी गुणसूत्रात घुसत नाही, केंद्रकात सुटंच राहतं. पेशी विभागत राहिली तर ते विरळ होत जातं. यकृतात, विशेषतः वाढत्या वयाच्या प्राण्यात, ही खरी अडचण आहे. चेतापेशी विभागतच नाही. तिथे ते जनुक राहतं, पेशी जिवंत आहे तोवर. शिवाय मेंदूतला उपचार उतरला असता, तर आजार ज्या दाराने आला त्याच दाराने परत यायला हवा होता. आधी मान थरथरली असती. पायांचा नंबर नंतर.

"प्रायोजकांना आज दुपारी कळवायचं आहे," प्रमुख म्हणाले. "रेषा ओलांडली असेल तर आजच निर्णय घ्यावा लागेल."

"मला तासभर द्या," मी म्हणाले. "अजून तिला कुणी हात लावलेला नाही."

हे थोडं तोऱ्यातच म्हटलं गेलं. पण त्या खोलीत आठ माणसं होती आणि प्राण्यांची डॉक्टर मी एकटीच. बाकीच्यांनी सकाळपासून व्हिडिओ पाहिला होता.

व्हिडिओवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. या कामात येण्याआधी मी चार वर्षं साधी प्रॅक्टिस करत होते: लसी, नसबंदी, कानातले किडे. एकदा एक थरथरणारं पिल्लू आलं. आई गाभण असताना पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या रोगाचा विषाणू लागला, तर पिल्लाचा लहान मेंदू खुरटतो आणि ते जन्मभर डुलत चालतं, पण वाढत्या आजाराने मरत नाही. मी लांबूनच ओळखलं आणि मालकिणीला सांगितलं, "आहे तसंच राहील, काळजी करू नका." पिल्लू तसं राहिलं नाही. सहा आठवड्यांनी ते आडवं पडून होतं. बहुधा असलाच एखादा साठवण-आजार असावा. तपासणी झाली नाही, कारण मी दुसऱ्यांदा नीट तपासलंच नव्हतं. मालकिणीने मला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सतराला टेबलावर घेतलं. कान पाडलेले, पण डोळे स्वच्छ.

डोक्यापासून सुरुवात. डोळ्यापुढे हात नेला, तिने पापणी मिटली. बोटावर मांसाची पेस्ट लावून नाकापुढे धरली. लहान मेंदू बिघडलेला असेल तर अशा वेळी, नेमकं काही गाठायला जाताना, डोकं जास्त थरथरतं. हिने सरळ चाटली. डोकं दगडासारखं स्थिर.

पुढचे पंजे एकेक करून उलटे टेकवले, म्हणजे पंजाची पाठ टेबलाला लागेल असे. दोन्ही वेळा तिने क्षणात सरळ केले आणि माझ्याकडे 'हे काय चाललंय' असं बघितलं. मागचा उजवा पंजा उलटा केला. एक, दोन, मग सरळ झाला. मागचा डावा. एक. दोन. तीन. चार. तसाच राहिला. पायाला आपण उलटे आहोत याचा पत्ताच नव्हता.

गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय ढिला पडायला हवा होता, जर दोष स्नायूत किंवा पायाच्या नसेत असता. तो ताडकन उडाला, नको इतका. म्हणजे खालची वायरिंग शाबूत, वरून येणारा लगाम सुटलेला.

शेवटी पाठ. शेपटीकडून डोक्याकडे कण्याच्या दोन्ही बाजूंनी चिमटे घेत जायचं. कातडी थरारते. ज्या जागेपासून मागे ती थरारत नाही, तिच्या एक-दोन मणके पुढे मज्जारज्जूत अडथळा. मांजरात हा रिफ्लेक्स हमखास मिळतोच असं नाही, कित्येक धडधाकट मांजरं ढिम्म राहतात. सतरा त्या दिवशी मेहरबान होती. कंबरेपासून शेवटच्या बरगडीपर्यंत काही नाही, मग एक चिमटा आणि पाठीची सगळी कातडी माशी बसल्यासारखी सरसरली. मी त्या जागेवर पेनाने टिंब काढलं.

डावा मागचा पंजा चिमट्याने जोरात दाबला तेव्हा तिने मान वळवून माझा हातमोजा चावला. इतका आनंद मला चावून घेण्याचा कधी झाला नव्हता. खोलवरची वेदना कळते आहे, म्हणजे रज्जू दाबला गेलाय, तुटलेला नाही.

मेंदू ठीक, पुढचे पाय ठीक, दोष पाठीच्या मध्यभागी. जीन थेरपी उतरली असती तर तिने मणके मोजून दोष धरला नसता.

गुंगी देऊन एक्स-रे काढला. पडद्यावर चित्र आलं तेव्हा मी आणि विषाणू बनवणारी सहकारी, दोघीही गप्प झालो. मणके आखूड, कडा वेड्यावाकड्या, मणक्यांमधले बारके सांधे जाड झालेले. खुब्याची वाटी उथळ. दुपारच्या एमआरआयमध्ये टिंबाच्या थोडं पुढे मज्जारज्जू दोन्ही बाजूंनी चिमटलेला स्पष्ट दिसला. मेंदूची चित्रंही घेतली. ती सहकारी त्यांवरून मागे-पुढे करत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि मग म्हणाली, "अगं, हा मेंदू चांगलाय."

चांगला होता. घोटाळा हा की हेक्सोसामिनिडेज फक्त मेंदूत लागतं असं नाही. कूर्चेत, हाडांत, हृदयाच्या झडपांत साखरेच्या लांब साखळ्या मोडायलाही ते लागतं. न मिळालं तर तिथेही साठतं, पण हळू. साडेचार महिन्यांत मरणाऱ्या पिल्लाला हाडांचा आजार व्हायला सवडच मिळत नाही. आम्ही सतराला सवड दिली होती. मेंदूत तयार झालेलं एन्झाइम थोडंफार बाहेर झिरपतं, हाडांपर्यंत पुरेसं पोचत नाही. बाहेरचं औषध मेंदूत जाऊ न देणाऱ्या भिंतीला आम्ही इतकी वर्षं शिव्या घातल्या. तिला दुसरी बाजूही आहे, हे त्या एमआरआयसमोर बसून ध्यानात आलं.

असं होणारी ही एकटीच नव्हे. टीपीपी1 नावाचं एन्झाइम नसलेल्या डॅक्सहुंड कुत्र्यांत मेंदूच्या पोकळीतून जनुक दिलं तेव्हा मेंदूचा आजार लांबला, आणि मग हृदयासारख्या इतर अवयवांतली बिघाडं दिसायला लागली. पाठ्यपुस्तकातलं आजाराचं वर्णन म्हणजे रुग्ण मरेपर्यंतचं वर्णन असतं. पुढची पानं कुणी वाचलेलीच नसतात.

संध्याकाळच्या फोनवर हे सगळं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला: "म्हणजे हे यश म्हणायचं की अपयश?" प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उपचार फसलेला नाही, अपुरा पडलाय. पुढच्या गटाला मेंदूबरोबर शिरेतूनही द्यावं लागेल. पलीकडे बराच वेळ शांतता. शिरेतून द्यायचं तर कितीतरी पट जास्त विषाणू लागतो, आणि खर्च त्याच पटीत. यकृतावर ताण येतो तो वेगळाच.

मला त्यांच्या शांततेचा राग आला नाही. मांजरात सुरळीत गेलेली गोष्ट पुढे सुरळीत जातेच असंही नाही. याच जातीचा विषाणू माकडांच्या थॅलॅमसमध्ये दिला तेव्हा एन्झाइम गरजेपेक्षा जास्त तयार होऊन तिथल्या पेशींनाच इजा झाली. 2017 साली ते प्रसिद्ध झालं. मग पुन्हा विषाणूची रचना बदला, मात्रा उतरवा. टे-सॅक्स झालेल्या दोन मुलांना असा जनुक-उपचार दिल्याचा अहवाल 2022 मध्ये आला. दोन मुलं. एकदा एका ओळखीच्यांनी विचारलं होतं, "इतकी वर्षं मांजरांवरच काय करत बसलात?" मी काही उत्तर दिलं नाही, पण सतराचे मणके त्यांना दाखवायला आवडले असते.

त्या संध्याकाळी निर्णय झाला की रेषा ओलांडलेली नाही. ती उभी राहते, खाते, चावते. वेदनेचं औषध सुरू करायचं, रोज तपासायचं. पाठीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि मिटला. ज्या हाडाला स्क्रू लावायचा तेच हाड आजारी.

नोंदीच्या कागदावर चेतासंस्थेचे गुण भरायचा तक्ता होता. मान थरथरणं, झोकांड्या, पडणं, उभं न राहता येणं. पाठीच्या मणक्यांना त्यात जागाच नव्हती. मी कागद उलटा केला आणि मागे लिहायला सुरुवात केली, हाताने चित्र काढून, टिंबासकट.

निघताना प्राणिगृहात डोकावले. सकाळी फोन करणारा तो, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन सतराच्या पिंजऱ्यात अर्धा आत शिरला होता. फळी काढून जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवत होता.

"मॅडम, याला कमिटीची परवानगी लागते का हो?"

"प्रोटोकॉलमध्ये फळीच्या उंचीबद्दल काहीच लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

त्याने शेवटचा स्क्रू आवळला. सतराने पुढचे दोन पाय फळीवर ठेवले, थांबली. मग मागचा उजवा. डावा तिथेच उलटा लोंबत राहिला, तेव्हा त्याने एका बोटाने तो हळूच वर ढकलला.