हिरवा ग्राफ आणि हापूसची पेटी : आमची वाटचाल

"लोड टेस्टिंग म्हणजे महावितरणचं काही काम का?" घरमालक काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. २०११ सालची गोष्ट. कर्वेनगरातला त्यांचा तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक आम्ही ऑफिससाठी घेत होतो. मी म्हटलं, "नाही काका, वेबसाइटवर एकदम हजार माणसं आली तर ती टिकेल का, हे आधी बघून ठेवायचं." काकांनी चष्मा वर केला. "मग हजार माणसं आणणार कुठून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं नीट उत्तर सापडायला आम्हाला सात वर्षं लागली.

मी आणि माझा भागीदार, दोघंही आधी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंग करायचो. तिथे लोडरनर नावाचं लोड टेस्टिंगचं विकतचं सॉफ्टवेअर होतं. त्याचं लायसन्स व्हर्च्युअल युजरच्या संख्येवर, म्हणजे हजार खोटी माणसं हवी असतील तर हजारांचे पैसे मोजा. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. अपाचेचं जेमीटर तसंच सॉफ्टवेअर, पण फुकट, आणि त्यातल्या थ्रेडच्या, म्हणजे खोट्या युजरच्या, चौकटीत ५०० लिहा नाहीतर ५,००० लिहा, कोणी विचारत नाही. भांडवल म्हणजे दोन डेस्कटॉप, एक इन्व्हर्टर आणि भागीदाराच्या बायकोने करून दिलेलं लेटरहेड. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून गुरुवारी टेस्ट लावायची नाही, हा आमचा पहिला नियम. सगळं क्लाउडवर गेलं तरी तो अजून पाळतो, सवय म्हणून.

पहिलं काम एका क्लासवाल्या सरांच्या ऑनलाइन परीक्षेच्या साइटचं. बिल १८,००० रुपये. ५०० युजर लावले, आणि दोनशेच्या पुढे गेल्यावर एकेका पानाला आठ-आठ सेकंद लागायला लागले. सर्व्हर कमी पडतोय, असा रिपोर्ट आम्ही रंगीत ग्राफ लावून दिला. सरांनी मोठा सर्व्हर घेतला. पुन्हा टेस्ट लावली, तर तेच आठ सेकंद. भागीदाराने सहज आमच्याच मशीनचा टास्क मॅनेजर उघडला आणि गप्प बसला. आमचाच प्रोसेसर शंभर टक्क्यांवर होता. आम्ही जेमीटर त्याच्या खिडकीतून चालवत होतो आणि वर 'व्ह्यू रिझल्ट्स ट्री' उघडं ठेवलं होतं. ते आलेलं प्रत्येक उत्तर मेमरीत साठवतं. जेमीटरला मुळात मिळणारी मेमरी त्या काळी ५१२ एमबी. ती भरत आली की जावा, म्हणजे जेमीटर ज्यावर चालतं ती प्रणाली, हातातलं काम थांबवून मेमरीतला कचरा काढत बसते, आणि तो सगळा वेळ आमचं घड्याळ सर्व्हरच्या नावावर लिहीत होतं. खिडकी स्क्रिप्ट तयार करण्यापुरती, खरी टेस्ट कमांड लाइनवरून चालवा, हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. आम्ही वाचलं नव्हतं.

सरांकडे जाऊन सांगितलं आणि पैसे परत केले. सर म्हणाले, "सर्व्हर राहू दे, पोरं वाढतीलच." ते आजही आमचे क्लायंट आहेत.

दुसरा फटका पोर्टचा. या वेळी मशीन लिनक्सचं होतं, मेमरी भरपूर होती, तरी सेकंदाला साधारण ४७० रिक्वेस्टच्या वर गाडी सरकेना. सर्व्हर तर निवांत दिसत होता. दोन रात्री गेल्यावर हिशेब लागला. प्रत्येक नव्या कनेक्शनला आपल्या बाजूचा एक पोर्ट, म्हणजे क्रमांक असलेलं एक दार, लागतो. लिनक्स त्यासाठी मुळात सुमारे २८ हजार पोर्ट देतं, आणि आपण कनेक्शन बंद केलं की तो पोर्ट मिनिटभर बाजूला ठेवतं. आमची स्क्रिप्ट दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडून बंद करत होती. २८ हजार भागिले ६० करून बघा. कीप-अलाइव्ह, म्हणजे उघडलेलं कनेक्शनच पुन्हा वापरणं, चालू केलं आणि भार तीन मशीनवर वाटला, तेव्हा कुठे सर्व्हरची खरी ओळख झाली.

२०० च्या कोडचा किस्सा या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असतो, म्हणून थोडक्यात. २०० म्हणजे सर्व्हरच्या भाषेत 'सगळं ठीक'. लॉगिनचं टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची डिजिटल पावती, शिळं झालं होतं, त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्ट परत लॉगिनच्या पानावर फेकली जात होती. ते पान २०० कोडसकट व्यवस्थित येत होतं, आणि आमचा ग्राफ हिरवागार. दोन हजार युजर तासभर लॉगिनचं पान बघत बसले होते. तेव्हापासून उत्तरात अपेक्षित मजकूर आहे का हे तपासल्याशिवाय आमच्याकडे कोणी स्क्रिप्ट पुढे देत नाही.

या चुका हत्यार वापरण्यातल्या होत्या. शिकलो, सुधारलो. हत्यार बरोबर वापरूनही आपण फसू शकतो, हे कळायला टेंडरचं काम यावं लागलं. अट होती : '१०,००० कॉन्करंट युजर चालले पाहिजेत.' कॉन्करंट म्हणजे एकाच वेळचे; पण याचा नेमका अर्थ काय, हे मी तिघांना विचारलं. तिघांनीही अट परत वाचून दाखवली.

रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. दहा हजार माणसं साइटवर आहेत आणि प्रत्येक जण मिनिटाला एकदा क्लिक करतोय, तर सर्व्हरवर सेकंदाला साधारण १६६ रिक्वेस्ट. तेच दहा हजार थ्रेड मध्ये न थांबता मारत राहिले आणि उत्तर २०० मिलिसेकंदांत येत असलं, तर सेकंदाला ५०,०००. तीनशेपट फरक, आणि जेमीटरच्या चौकटीत दोन्ही वेळा आकडा १०,०००च. म्हणजे दोन क्लिकमधला विराम वाढवत नेला की कुठलीही साइट पास. खोटं कशाला बोलू, आम्ही दोनदा तसं केलंही. अट दहा हजारांची होती, आकडा दहा हजारांचा दाखवला, बिल निघालं. तेव्हा त्याला लबाडी म्हणतात असं वाटलं नव्हतं.

मग २०१८ आलं. कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या एका गटाने थेट ग्राहकांना हापूस विकायला साइट केली होती. पहिल्या पेट्यांचं बुकिंग पाडव्याच्या आठवडाभर आधी, सकाळी १० वाजता सुरू होणार होतं. आम्ही मन लावून टेस्ट केली. ८०० युजर, क्लिकमध्ये माणसासारखे विराम, साइटवरच्या चौदा प्रकारांतून कुठलाही एक निवडायचा, पत्ता भरायचा, पैसे भरायचे. पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेवर, खरी टेस्ट मारता येत नाही, मारू देतही नाहीत, म्हणून त्याच्या जागी आम्ही एक नकली सेवा बसवली. ती ५० मिलिसेकंदांत 'ठीक आहे' म्हणायची. रिपोर्टमध्ये ९५ टक्के रिक्वेस्ट सव्वा सेकंदाच्या आत.

दहा वाजून चार मिनिटांनी गटाच्या सचिवांचा फोन. "अहो साहेब, पेटी कोणालाच मिळत नाहीये. आता तर साइटपण उघडेना."

आत काय चाललं होतं ते नंतर लॉगमध्ये दिसलं. चौदा प्रकारांपैकी लोकांना एकच हवा होता, पाच डझनांची पहिल्या तोडीची पेटी. डेटाबेसमध्ये तिच्या स्टॉकची एकच ओळ. ऑर्डर देताना कोड त्या ओळीला कुलूप लावायचा, शिल्लक एकने कमी करायचा, कुलूप न सोडता पेमेंट गेटवेकडे ऑर्डर नोंदवायचा, आणि तिकडून होकार आला की कुलूप काढायचा. आमच्या नकली सेवेपाशी हे सगळं क्षणात उरकायचं. खरा गेटवे त्या सकाळी दोन सेकंद घेत होता. दोन सेकंदांना एक पेटी. मायएसक्यूएल, म्हणजे त्या साइटचा डेटाबेस, अशा कुलपाशी मुळात ५० सेकंद थांबतं आणि मग एरर देतं. म्हणजे रांगेतले पुढचे पंचवीस सुटणार, त्यांच्या मागचे सगळे बाद. बाद झालेला माणूस काय करतो? पान रिफ्रेश करतो आणि परत रांगेच्या शेवटी येतो. कित्येक जण बाद होण्याआधीच रिफ्रेश करत होते, त्यांची जुनी रिक्वेस्ट आत तशीच उभी. डेटाबेसची पन्नास कनेक्शनं होती. पन्नासही त्या एका ओळीपाशी अडकली, तेव्हा 'आमच्याविषयी' हे पान उघडायलाही कनेक्शन उरलं नाही.

दुरुस्ती वीस मिनिटांची होती. आधी पेटी राखून ठेवायची, कुलूप लगेच सोडायचं, मग गेटवेकडे जायचं, आणि दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर पेटी परत स्टॉकमध्ये. पण तोवर पाऊण तास गेला होता. सचिव चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "तुमच्या टेस्टमधली माणसं फार शहाणी होती हो."

त्या वाक्याने माझे पुढचे दोन महिने खाल्ले. जेमीटरचा थ्रेड खरंच शहाणा असतो. तो एक रिक्वेस्ट पाठवतो, उत्तर येईपर्यंत हात जोडून उभा राहतो आणि मगच दुसरी पाठवतो. सर्व्हर हळू झाला की तोही हळू होतो. दुपारी एकला दहावीचा निकाल लागतो तेव्हा राज्यातले पंधरा-सोळा लाख विद्यार्थी एकमेकांचं उरकायची वाट बघत नाहीत.

अझुल सिस्टीम्सचे गिल तेने यांनी यातल्या मोजमापाच्या घोळाला 'को-ऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलं. नाव जडजंबाल आहे, गोष्ट पंगतीची आहे. लग्नात पहिली पंगत वेळेवर बसली, दुसरी दीड तास रखडली. तुम्ही फक्त पानावर बसलेल्यांना विचारलंत की वाढायला किती वेळ लागला, तर सगळे म्हणतील झकास. दारात ताटकळलेल्यांना कोणी विचारलंच नाही. आकड्यांत बघायचं तर असं. सर्व्हर १०० सेकंद प्रत्येक उत्तर १० मिलिसेकंदांत देतो, मग पुढचे १०० सेकंद गोठतो. एका थ्रेडने पहिल्या भागात १०,००० रिक्वेस्ट केल्या, दुसऱ्या भागात एकच. सरासरी निघते साधारण २० मिलिसेकंद, आणि ९९ टक्के रिक्वेस्ट १० मिलिसेकंदांत. त्या दोनशे सेकंदांत कधीही आलेल्या खऱ्या माणसाला मात्र सरासरी २५ सेकंद थांबावं लागलं असतं. तो रिपोर्ट क्लायंटच्या हातात देणाऱ्याला काहीच शंका येत नाही, कारण आकडे खोटे नसतात.

आता आम्ही शक्य तिथे येण्याचा वेग ठरवून मारतो. सर्व्हर थांबो न थांबो, सेकंदाला इतके येणारच. गॅटलिंग आणि केसिक्स या लोड टेस्टिंगच्या दुसऱ्या हत्यारांमध्ये ते सरळ करता येतं, जेमीटरमध्येही जमतं, पण थ्रेडचा साठा भरपूर ठेवावा लागतो. नकली सेवा बसवावीच लागली तर ती खऱ्याइतकी संथ करतो, आणि एक टेस्ट मुद्दाम सगळ्यांनी एकाच वस्तूवर तुटून पडायची. तिला ऑफिसात नाव पडलंय 'पेटी'. "पेटी झाली का?" असं विचारतात.

शिवाय रिपोर्टच्या पहिल्याच पानावर, ग्राफच्या आधी, काय काय तपासलेलं नाही ते लिहितो. ओटीपी येण्याचा वेळ, खरा गेटवे, पाच वर्षांनी फुगलेला डेटाबेस, मोबाइलचं नेटवर्क. या पानामुळे तीन कामं गेली. एका ठिकाणी तर साहेब म्हणाले, "हे पान काढा, सही करतो." भागीदार आणि मी जिन्यात उभं राहून दहा मिनिटं भांडलो. त्याचं म्हणणं होतं की पगार याच महिन्यात द्यायचे आहेत. ते खरंच होतं. पान ठेवलं, काम सोडलं, आणि त्या महिन्यात आम्ही दोघांनी पगार घेतला नाही. आज सात जण आहोत, त्यामुळे तेव्हाचा निर्णय शहाणपणाचा वाटतो. त्या वेळी नुसता हट्ट होता.

आंबेवाले अजून आमच्याकडेच आहेत. बुकिंग उघडतं त्या सकाळी आम्ही सगळे पावणेदहापासून स्क्रीनसमोर असतो, आणि काकाही वरून खाली येतात, कारण त्यांना पेटी हवी असते. मागच्या वर्षी दहा वाजले, आकडे उसळले, ग्राफ हिरवा. गोठणं नाही, रांग नाही, सर्व्हरचं उत्तर तीनशे मिलिसेकंदांत. भागीदाराने चहा सांगितला.

"अरे, हे नुसतं गोल गोल फिरतंय," काका म्हणाले.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. चार वर्षांचा स्वस्तातला अँड्रॉइड, घरचं वायफाय नाही, मोबाइलचा डेटा, सिग्नलच्या दोन दांड्या. जेमीटर म्हणजे ब्राउझर नव्हे. ते पान मागतं, मिळालं की घड्याळ थांबवतं, त्यातलं जावास्क्रिप्ट चालवत नाही, चित्र रंगवत नाही. खरे ब्राउझर वापरून टेस्ट करता येते, पण एकेक ब्राउझर शेकडो एमबी मेमरी खातो, त्यामुळे हजारभर उघडणं खिशाला परवडत नाही. म्हणून भार जेमीटरचा आणि बाजूला एक-दोन खरे ब्राउझर असं आम्ही करत होतो. ते ब्राउझर मात्र आमच्या क्लाउडमधल्या मशीनवर होते, चांगल्या तारेवर. त्यांना काही जाणवलंच नाही.

आदल्या रात्री कोणीतरी पहिल्या पानावर बागेचे नवे फोटो चढवले होते, सरकणारे, नऊ. एकेक चार एमबीचा. सचिवांना फोन केला, तर म्हणाले, "पुतण्याने टाकलेत, छान आलेत ना?" फोटो लहान करून परत चढवेपर्यंत पावणेअकरा झाले. पहिल्या तोडीच्या पेट्या तोवर संपल्या होत्या. काकांनी दुसऱ्या तोडीसाठी नाव लावलं आणि जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी टेस्टला माझा फोन घेत जा."

या वर्षी घेतला. चार्जिंगला लावावा लागतो, बॅटरी टिकत नाही.