तीन समांतर रेघा

गेल्या मंगळवारी प्रोफेसर बाईंनी माझ्या आणि आजीच्या मध्ये लाल पेनाने तीन समांतर रेघा मारल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

इथे अमेरिकेत, 'फॅमिली रिलेशन्स'च्या वर्गात ज्याने त्याने आपल्या घराचा जेनोग्राम, म्हणजे माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, काढायचा होता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, घटस्फोट असेल तर नवराबायकोच्या रेघेवर दोन तिरप्या काटण्या, भांडणाला नागमोडी रेघ. मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारातून निघालेली ही पद्धत. उद्या दुसऱ्यांच्या मोडक्या घरांत शिरायचंय, तर आधी स्वतःचं घर कागदावर मांडा, हा इथला आग्रह मला पटतोही. वर्गातल्या बाकीच्यांची घरं एका कागदावर मावली. मी दोन कागद चिकटवले, तरी मावश्या बाहेरच.

दोन रेघा म्हणजे जवळीक. तीन म्हणजे एकमेकांत इतके मिसळलेले की सीमाच उरली नाही. कारण काय, तर हा कोर्स घेण्याआधी मी आजीला विचारलं होतं आणि दहावीपर्यंत तिच्याच गोधडीत झोपत होते. मग कुठे झोपणार? दोन खोल्या, सात माणसं! सीमा आखायला आधी जागा लागते, बाई.

हे मी वर्गात बोलले नाही. त्याऐवजी उगाचच सांगितलं की मुंबईत नागपाड्याला १९३६ साली समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, टिस; तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री होते. म्हणजे तुमच्याकडचा माणूस आमच्या वस्तीत येऊन शिकला, असं सुचवायचं होतं. 'हाउ इंटरेस्टिंग,' म्हणाल्या.

याच बाईंनी बुधवारी चॅपलमध्ये आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. तिच्या नावाचा पार चेंदा केला, पण नाव घेतलं. आमच्या सोसायटीत तरी कुणी विचारलं असेल का, कोण जाणे. मला रडू आलं. रेघांचा राग मात्र गेला नाही.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, वाटणीचं काही लिहिलं नाहीस ना त्यात?"

धाकटे काका नऊ वर्षं उंबऱ्याशी आलेले नाहीत. संबंध तुटला असेल तर रेघ मध्येच तोडून दोन दांड्या काढायच्या असतात. मी सरळ, अखंड ओढली होती.

"नाही गं," म्हटलं.

"बरं केलंस."