तेरावं झाल्यावर कोणाकडे जायचं?

इंदूरच्या मराठी घरात कोणी गेलं की तेराव्यापर्यंत माणसांना तोटा नसतो. रामबागेतून डबा येतो, सुदामानगरची मावशी मुक्कामालाच येते. आत्महत्येनं माणूस गेलेल्या घरी मात्र ही ये-जा लवकर आटते, आणि जे येतात ते "पण झालं काय?" एवढंच विचारतात. कोणी नारायणबळी सुचवतं. घरच्यांना हवा असेल तर त्र्यंबकेश्वरला जाऊन खुशाल करावा, पण आईसमोर 'गती मिळाली नाही' म्हणणाऱ्याला दाराबाहेर न्यायला कचरू नये.

विचारणाऱ्यांसाठी एकच वाक्य ठरवा आणि ते घरातल्या एकानंच सांगावं: "त्यानं जीव दिला, कारण आम्हालाही नीट कळलेलं नाही, आत्ता याहून जास्त बोलवत नाही." हार्ट अटॅकची कथा टिकत नाही. मुलांना खरं कधीतरी शेजाऱ्यांकडून कळतं आणि मग ती घरच्यांच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत. शिवाय कागद वेगळंच बोलतात. पोलीस मर्ग कायम करतात, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद करतात, पोस्टमार्टम होतं. ही मृत्यूची चौकशी असते, घरच्यांवरचा आरोप नव्हे. चिठ्ठी आणि मोबाईल ठाण्यात जमा झाले असतील तर चिठ्ठीची प्रत आणि मोबाईल परत मिळण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. विम्याचं 'आता काही मिळणार नाही' म्हणून सोडून देऊ नका. आयुर्विमा चालू असेल आणि सुरू होऊन (बंद पडला असेल तर पुन्हा चालू होऊन) 12 महिने उलटले असतील तर पूर्ण रक्कम मिळते. त्याआधीही भरलेल्या हप्त्यांपैकी किमान 80 टक्के परत मिळतात. ही धावपळ एखाद्या विश्वासू भाच्याकडे सोपवावी.

पण खरा आधार होतो तो ज्यांच्या घरी हेच घडलंय त्यांचा. अशा माणसांचा गट नसेल तर तो उभा करता येतो. सहा ते आठ माणसं, महिन्यातून एकदा, दीड तास, कोणाच्याही घरी न भरता एखाद्या संस्थेच्या खोलीत. चालवणारे दोघं हवेत. त्यातल्या एकानं हे दुःख स्वतः सोसलेलं असावं, आणि त्यालाही निदान दोन वर्षं झालेली असावीत. नियम थोडे पण कडक: कसं घडलं याचं वर्णन नाही, कारण ते चित्र ऐकणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही; आणि 'तुम्ही असं करायला हवं होतं' हे तर नाहीच.

इथली अडचण निराळीच. मराठी समाज लहान, चार घरं सोडून पाचव्यात सोयरीक निघते. गटात नाव नोंदवण्याआधी विचारा, तुमच्या नात्यातलं कोणी इथं आहे का? असेल तर हिंदी बोलणाऱ्यांचा मिश्र गट बरा. समाजाच्या मंडळापेक्षा अनोळखी माणसांत तोंड लवकर उघडतं. विधवा सून आणि सासू-सासरे एका गटात कधीच बसवू नका, दोष एकमेकांवर जातो आणि बाकीच्यांची बैठक बुडते.

पहिल्या काही आठवड्यांत कोणाला थेट गटात आणू नये. आधी चालवणाऱ्यानं एकट्याशी दोनदा बोलावं. झोप नाही, जेवण नाही, 'मलाही जायचंय' असं ऐकलं तर तो विषय गटात सोडवायचा नाही, कारण अशा घरातल्या माणसांना स्वतःलाही धोका जास्त असतो. दोघांपैकी एकानं त्यांना बाजूला घ्यावं, सरळ विचारावं, एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावं. बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे. रात्री-बेरात्री 14416, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: फुकट, चोवीस तास, भाषांत मराठीही आहे.

वाढदिवस आणि वर्षश्राद्ध यांच्या तारखा वहीत लिहून ठेवा आणि आदल्या दिवशी फोन करा. कोणी दोन-तीनदा येऊन मग यायचं थांबलं, तर एकदा विचारावं. मागे लागू नये.