बाजेपासून तीन फडताळांपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर आबांनी १९७८ च्या श्रावणात पहिल्यांदा बाज टाकली. बाजेवर चादर, चादरीवर हरिपाठ, मनाचे श्लोक, आरतीसंग्रह, व्यंकटेश स्तोत्र आणि शिवलीलामृताचा सुटा अकरावा अध्याय. पाऊस आला की चादरीची चार टोकं उचलायची आणि गाठोडं घेऊन पेढेवाल्याच्या वळचणीला उभं राहायचं. आमचं दुकान ते एवढंच.

पोथी घ्यायला आलेली बाई किंमत नंतर विचारते. आधी पोथी उघडते, हातभर लांब धरते आणि एखादी ओवी ओठांतल्या ओठांत म्हणून बघते. अक्षर लागलं, जीभ अडखळली नाही, तर घेते. आबा त्या वेळात एक शब्द बोलायचे नाहीत. "ती वाचतीय, मध्ये बोलू नये," असं मला त्यांनी मी शाळेत असताना सांगितलं होतं. पुढं जे काही आम्ही केलं ते या एका गोष्टीतून आलं, असं मला मनापासून वाटतं.

१९८६ ला गणपती पेठेजवळ गाळा मिळाला. डोक्यावर छप्पर आलं आणि त्याबरोबर काउंटरही आला. पुस्तकं काउंटरच्या मागं, गिऱ्हाईक पुढं. नाव सांगायचं, आबा काढून देणार. ज्याला नाव माहीत आहे त्याचं काम होतं. पण काय वाचायचं हेच ज्याला शोधायचंय तो दोन मिनिटं उभा राहून, "नंतर येतो," म्हणून जायचा. मी १९९४ ला बी.कॉम. होऊन दुकानात बसलो, तेव्हा असे परत जाणारे रोज दिसायचे. त्या काळात आम्हाला जगवलं ते जूनमधल्या वह्यांनी, गाईडांनी आणि शालेय पुस्तकांनी. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

१९९७ ला मी काउंटर काढायचा ठरवला. आबांना ते पटलं नव्हतं. पुस्तकं चोरीला जातील, पानं दुमडतील, पोथीला कुणी ओले हात लावील, हे सगळं ते बोलून दाखवत होते. मी त्यांना बाजेची आठवण करून दिली. बाजेला कुठं काउंटर होता? त्यावर ते गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सुताराला घेऊन आले. काउंटरच्या सागवानी फळीचं बाकडं केलं. ते बाकडं अजून आहे, आणि त्यावर बसून वाचणाऱ्याला उठवायचं नाही हा आमच्याकडं नियम आहे. पुस्तकावरचं प्लास्टिकही आम्ही माल आला की काढतो. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तरी उघडी असलीच पाहिजे.

काउंटर गेल्यावर पहिला प्रश्न आला मांडणीचा. धर्म, साहित्य आणि संगीत अशा तीन पाट्या मी रंगवून आणल्या. लावायला गेलो आणि पहिल्याच पुस्तकाला अडलो. ज्ञानेश्वरी कुठं ठेवायची? पारायणवाला ती धर्मात शोधणार. कॉलेजातली एम.ए. मराठीची मुलगी साहित्यात शोधणार. गाथेचं तेच. भजनी मंडळाला गाथा चालीसाठी पाहिजे असते. गोविंद बल्लाळ देवलांचं शारदा नाटक घ्या. देवल आमच्या हरिपूरचे, सांगलीपासून हाकेच्या अंतरावरचे. हौशी नाटक मंडळी त्याची संहिता मागतात आणि गाण्याच्या क्लासची मुलं त्यातली पदं. शेवटी मी अशा पुस्तकांच्या दोन-दोन प्रती मागवून दोन ठिकाणी लावायला लागलो. भांडवल जास्त अडकतं. पण माणूस ज्या वाटेनं येतो त्या वाटेवर त्याला पुस्तक भेटलं पाहिजे.

धर्माच्या फडताळात मात्र मला एक गोष्ट हळूहळू सुचली आणि तिचा मला आजही आनंद आहे. आधी मी धर्माप्रमाणे कप्पे केले होते. मग एकदा श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा योगसंग्राम चाळत बसलो होतो. मुसलमान संत, सतराव्या शतकातला, आणि ग्रंथ ओवीबद्ध. तसंच फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. इंग्लंडहून गोव्यात आलेला जेजुइट पाद्री, १६१६ साली त्याचा ग्रंथ छापला गेला तो मराठीत, आणि तोही ओवीत. मग मी कप्पेच मोडले. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, दासबोध, योगसंग्राम, ख्रिस्तपुराण, गुरुचरित्र हे सगळे एका ओळीत लावले आणि वर पाटी लावली 'ओवी'. धर्म निरनिराळे, पण ओवी एक. ती पाटी बघून थांबत नाही असं गिऱ्हाईक कमी. मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळं जुनी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. त्यांतले एक निवृत्त कंपाउंडर ख्रिस्तपुराणासाठी आले. शेजारची सार्थ ज्ञानेश्वरी उघडून त्यांनी बाराव्या अध्यायातल्या दहा-वीस ओव्या उभ्यानं वाचल्या आणि दोन्ही ग्रंथ घेऊन गेले. उलटंही घडतं. कवलापूरचे एक माळकरी काका ख्रिस्तपुराणातली मराठी भाषेच्या कौतुकाची ओवी वाचून मला म्हणाले, "मालक, हे तर आपलंच बोलणं आहे की."

ओवीच्या खालच्या कप्प्यात बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याचा धम्म, धर्मानंद कोसंबींचं भगवान बुद्ध, गीतेवरची भाष्यं, कुराणाचा मराठी अनुवाद. १४ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात हा कप्पा दोनदा भरावा लागतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सप्ताहाला गुरुचरित्र, अधिक महिन्यात सगळंच. आमच्या गल्ल्याचं पंचांग हे असं आहे. अलीकडं मोठ्या टाइपातल्या प्रतींची मागणी इतकी वाढलीय, की प्रकाशकाशी फोनवर बोलताना मी पहिल्यांदा पॉइंट विचारतो, मग कमिशन.

संगीताचं मला काही येत नव्हतं. शेजारी मिरज असून येत नव्हतं, याची खंत होती. तंतुवाद्यांसाठी अख्ख्या देशात नाव असलेलं गाव. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिथं घर केलं, १९३७ ला गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात ते विसावले. उरुसात दर्ग्यात आजही गवई येऊन हजेरी लावतात. त्या गर्दीत २००१ पासून आम्ही बाहेर पुस्तकांचं टेबल मांडायला लागलो.

तिथंच माझी एक चूक झाली. गाण्याच्या प्रवेशिकेची परीक्षा देणारी एक मुलगी वडिलांबरोबर आली. रागांच्या बंदिशींचं पुस्तक पाहिजे म्हणाली. मी हाताला आलं ते दिलं. आठवड्यानं वडील सांगलीला दुकानात आले, रागावले नव्हते पण चेहरा उतरलेला. पोरीनं घरी आठ दिवस बंदिश बसवली आणि गुरुजींपुढं गायली तर खालचे स्वर वर आणि वरचे खाली. कारण समजायला मला एका सतारमेकरांकडं जाऊन बसावं लागलं. त्यांनी भोपळा घासता घासता समजावलं. स्वर कागदावर लिहायच्या दोन लिप्या, एक पंडित भातखंड्यांची आणि एक पंडित पलुस्करांची. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की तार सप्तक, म्हणजे वरचे स्वर, आणि पायाशी असलं की मंद्र, म्हणजे खालचे. पलुस्कर लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तारासाठी वर उभी रेघ. ती मुलगी एक लिपी शिकलेली आणि मी तिला पुस्तक दिलेलं दुसऱ्या लिपीतलं. एवढंसं टिंब, पण त्यानं तिचे आठ दिवस वाया गेले. पुस्तक बदलून दिलं. तेव्हापासून स्वरलिपीच्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्याला आम्ही चिठ्ठी लावतो, भातखंडे हिरवी आणि पलुस्कर पिवळी. आणि विकण्याआधी एक प्रश्न विचारतोच : तुमचे गुरुजी टिंब कुठं देतात?

भातखंड्यांवरून आणखी एक सांगतो. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा त्यांचा ग्रंथ मुळात मराठीत लिहिलेला, चार भागांत, गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत. पण आमच्याकडं कित्येक वर्षं हाथरसहून येणारा हिंदी अनुवादच असायचा आणि मराठी मुलं तोच घ्यायची. एका वाड्याच्या आवराआवरीत मला जुनी मराठी आवृत्ती मिळाली, रद्दीच्या ढिगात, सुतळीनं बांधलेली. ती विकायला ठेवलेली नाही. बाकड्यावर बसून कुणीही वाचावी.

ऑगस्ट २०१९. सांगलीकराला पुढचं सांगायला नको. २००५ च्या पुराची खूण आम्ही दाराच्या चौकटीवर खिळा मारून ठेवली होती. पाणी वाढतंय म्हटल्यावर खिळ्याच्या वर एक फूट सोडून सगळा माल चढवला आणि निर्धास्त झालो. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. खिळा कुठं गेला कळलंही नाही. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा आतून जो वास आला तो सांगता येत नाही. गुळगुळीत कागदाची पुस्तकं एकेक वीट झाली होती, पानाला पान चिकटलेलं. कादंबऱ्या फुगून कणा फुटलेल्या. तग धरला तो पोथ्यांनी. सुटी पानं, शिवण नाही, डिंक नाही. माझ्या सौभाग्यवतीनं आणि दोन सुनांनी घरभर दोऱ्या बांधून पानं वाळत घातली. पंखे रात्रंदिवस चालू. पानांचे अनुक्रम लावायला गल्लीतली पोरं आली. लाल बासनाचा रंग काही पानांवर उतरला, तो गेला नाही. त्या पोथ्या आम्ही विकल्या नाहीत, मागेल त्याला दिल्या.

त्या वेळी एका वितरकानं बुडालेल्या मालाचे पैसे पंधरा दिवसांत मागितले. हिशेब त्याचा बरोबर होता, पण घाव बसला. दुसऱ्या एका प्रकाशकानं जुनी बाकी पुढं ढकलली आणि न मागता दोन खोकी पाठवली, भाडं भरून. त्या दोन खोक्यांवर आम्ही गणपतीत दुकान उघडलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तोवर साठा मिरजेतल्या भाड्याच्या खोलीत हलवला होता, म्हणून वाचलो.

आबा २०२२ ला गेले. शेवटची दोन वर्षं ते बाकड्याच्या कडेला बसायचे. लॉकडाऊननंतर लोक दुकानात पुस्तक बघून फोनवर दुसरीकडून स्वस्तात मागवायला लागले, याचा माझ्या धाकट्या मुलाला राग यायचा. "फोटो काढून घेऊन जातात," म्हणायचा. आबांनी त्याला जवळ बसवून विचारलं, "वाचलं का त्यानं उभ्यानं? मग झालं."

आता दोन्ही मुलं दुकान बघतात. मोठ्याचं म्हणणं आहे, संगीताच्या फडताळाजवळ एक श्रुतिपेटी, म्हणजे गाताना सतत आधारसूर देणारी पेटी, ठेवावी. स्वरलिपीचं पुस्तक उघडून बंदिश चालते का ते गुणगुणून बघायला सूर पाहिजे, असं तो म्हणतो. परवा गुरुवारी मिरजेहून जुनी श्रुतिपेटी आणली. भाता थोडा फाटलाय. तो दुरुस्त होऊन आला, की बाकड्याच्या उजव्या हाताला ठेवणार आहोत.