हाह म्हणजे नान!

किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला येऊन दहा दिवस झाले आणि आज पहिल्यांदा एकटी ओश बाजारात गेले. एका टपरीवर पाटी, मी इंग्रजी समजून वाचली तर ‘कॅम्का’. म्हटलं असेल काहीतरी मटणाचं, जाऊ दे. मग आठवलं, इथल्या रशियन लिपीत सी म्हणजे स. सामसा! म्हणजे आपला समोसाच की, फक्त तळलेला नाही, तंदूरमधे भाजलेला. पुढे ‘हाह’ लिहिलेलं, एच म्हणजे न, तर ते निघालं नान 😂 आणि चारचा आकडा, मग ए, मग डोक्यावर टोपी घातलेला उलटा एन, हे काय तर चाय!!

रशियनची ३३ अक्षरं पाठ करताना आधीच जीव जातोय त्यात किरगिझमधे अजून ३ जास्त, एकूण ३६. तो कोळ्यासारखा दिसणारा ‘झ’ तर मला वहीत नीट काढताच येत नाही, सहा पाय कुठून कुठे न्यायचे काय माहित.

रात्री आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं तर म्हणते, ‘नान, समोसा, चहा... मग एवढ्या लांब गेलीस कशाला गं?’