पाचगणीची हवा

आज पहाटे टेबललँडच्या कडेवर उभा होतो. खाली कृष्णेचं खोरं धुक्यात बुडालेलं, वाईकडच्या शेतांतला धूर वर न चढता आडवा पसरलेला. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. मग धूर, धुकं, सगळं खालीच अडकतं. वैमानिकाला दिसत नाही, ही एक अडचण. दुसरी मला जास्त भीतीदायक वाटते. जमिनीवर पानही हलत नसतं आणि काहीशे फुटांवर वारा जोरात वाहत असतो. उतरताना समोरून येणारा तो वारा एकाएकी कमी झाला, की पंखांची उचलही घटते.

ऊन चढलं, जांभा तापला आणि धुकं विरलं. तापलेली हवा वर जाते (कोरडी असेल तर दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होत), आणि वरचा वेगवान वारा झोतांनी खाली उतरतो. दुपारचे हेलकावे यातूनच येतात. ग्लायडरवाल्यांना उंची देणारी हवा हीच, आणि कड्यापाशी पॅराग्लायडरची छत्री दुमडवणारीही हीच.

वळवाच्या दिवसांत तर फारच जपायला हवं. ढगातला पाऊस वाटेतच सुकतो, त्यानं गारठलेली हवा कोसळते आणि जमिनीवर आपटून कित्येक किलोमीटर पसरते. म्हणून पॅराग्लायडिंगचे पायलटदादा लख्ख उन्हातही "आता बास" म्हणाले, तर कृपा करून त्यांच्याशी हुज्जत घालू नका.