काळी दोनचा खर्ज

गायकाने 'काळी दोन' म्हटलं, म्हणजे हार्मोनियमवरची ती पट्टी सा धरली, की चार तारांच्या बेस गिटारवाल्याचं तोंड वाकडं होतं. आमची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की पांढरी तीन, म्हणजे ई. काळी दोन तिच्याखाली जेमतेम अर्धा स्वर. पण त्या अर्ध्या स्वरापायी सा खाली मिळतच नाही, तो एक सप्तक वर जाऊन ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर वाजवावा लागतो. तार उतरवून घ्यावी म्हटलं तर पुढचं गाणं पांढरी चारमध्ये, आणि मध्ये निवेदिकेची दोन वाक्यं.

आमच्या गायकाचा गळा नेमका काळी दोनमध्येच खुलतो. चौदा वर्षं मी त्याला वरचा सा देत आलो, आणि चौदा वर्षं आमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचा सा दाबून माझ्याकडे बघून हसत आला. तसा हा जुनाच दुखावा. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर ईच्या खाली उतरायला लागले, तेव्हाच बेसवाले पाचव्या तारेच्या मागे लागले. अमेरिकन बेसवादक अँथनी जॅक्सनने तर १९७५ मध्येच सहा तारांचा बेस बनवून घेतला होता. मी जवळजवळ पन्नास वर्षं उशिरा दुकानात पोचलो.

पाच तारांचा बेस घेऊन बारा दिवस झाले होते आणि गणपतीतला शो होता, वाईजवळच्या एका गावात. उघड्यावरचं स्टेज, जनरेटर, दोन्ही बाजूंना अठरा इंची स्पीकरच्या थप्प्या. बारा दिवसांत नव्या तारेची, ईच्याही खालच्या बीची, जागा हाताला बऱ्यापैकी समजली होती. जुन्या सवयीने सगळ्यात वरच्या तारेला ई समजून वाजवलं की सगळं खाली जातं, सा च्या जागी मंद्र पंचम लागतो. तालमीत माझं एकदा असं झालं, तेव्हा कीबोर्डवाल्याला पहिल्या ओळीपर्यंत वाटलं की मी मुद्दाम काही वेगळं करतोय. दुसरी कॉर्ड आली आणि त्याचा गैरसमज दूर झाला.

शोमध्ये ती चूक झाली नाही. दुसरीच झाली.

तिसरं गाणं पांढरी तीनचं. अंतऱ्यात पंचमावर गेलो आणि स्टेजखालून घों असा आवाज सुरू झाला. मी कोमल धैवतावर आलो तरी तो मागे राहिला, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून खाली सेकंदाला तीन-चार हेलकावे घेणारी थरथर. साउंडवाल्याने माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. मी तारांवर पंजा ठेवला. आवाज गप्प.

"अर्थिंग!" तो खालून ओरडला.

त्याचंही चुकलं नाही. अर्थिंग नीट नसलं तर गिटार घुमते आणि तारांना हात लावला की गप्प होते, हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत असतं. मग पुढची चार गाणी दुरुस्तीत गेली. केबल बदलली, बेसचा आवाज मिक्सरकडे नेणारा डीआय बॉक्स बदलला, जनरेटरवाल्या पोराला दोन शिव्या बसल्या. शेवटी साउंडवाल्याने माझ्या चॅनेलचा लो कट, म्हणजे खालचे स्वर कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झपर्यंत चढवला. घों थोडा बारीक झाला, गेला मात्र नाही.

मध्यंतरात ढोलकीवाले काका जागचे उठले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तू हात काढ रे. वाजवू नकोस काही." मी हात काढले. शांत. अर्थिंगचा आवाज असता तर तो तेव्हाच यायला हवा होता, पण दोन गाण्यांमध्ये सवयीने माझा पंजा तारांवर असायचा, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग काकांनी ढोलकीची धुम दाबून घुमवली, हळूहळू वर नेत. एका जागी स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून घों सुरू झाला. हॅलोजनच्या उजेडात माझी ती नवी जाड तार नुसती धूसर दिसत होती. हात न लावता थरथरत होती.

"ही तर तरफ झाली तुझी," काका म्हणाले. तरफ म्हणजे सतारीतली, न छेडता झंकारणारी तार. "सतार घेतलीस की काय?"

चूक माझ्या अंगठ्याची होती. चार तारांवर वाजवताना उजवा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज उचलणाऱ्या पट्टीवर, टेकवून ठेवायची सवय. तिथे वर आणखी कुठली तार नसते, त्यामुळे बिघडत नाही. पाच तारांवर अंगठा त्या बीवरच ठेवायचा, आणि खालच्या तारांवर वाजवताना ईवर उतरायचा, तोही बीला टेकलेला ठेवून. नाहीतर ती मोकळी तार आजूबाजूच्या प्रत्येक ओळखीच्या स्वराला ओ देते. मला हे ऐकून माहीत होतं. अंगठ्याला माहीत नव्हतं.

दहा मिनिटांत अंगठा काय शिकणार? गायिकेने केसांचं रबर काढून दिलं, ते मी नटाजवळ, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाशी, तारांवर गुंडाळलं. मोकळ्या तारा मुक्या झाल्या. मग ई लागली की बीच्या पाचव्या फ्रेटवर, आणि खरं सांगतो, मोकळ्या तारेपेक्षा तिथली ई जास्त भरीव लागते.

उत्तरार्धात दुसरंच गाणं काळी दोनचं. बीचा चौथा फ्रेट. मी सा लावला आणि पाठीमागच्या अँपमधून तो पोटरीपर्यंत आला. ३९ हर्ट्झच्या आसपासचा स्वर, तो कानाआधी फळकुटांतूनच समजतो. गायकाने मान वळवून मागे बघितलं. कीबोर्डवाल्याने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. चौदा वर्षांचं उट्टं निघालं. बाकीचं गाणं मी कसं वाजवलं, मला आठवत नाही.

दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद झाले. केबली गुंडाळताना मी साउंडवाल्याला सहज विचारलं, "काय, खालचा सा कसा वाटला?"

"कुठला खालचा?" तो म्हणाला, मिक्सरकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, तुझा लो कट काढायचा राहिलाच की!"

मी रबर सोडवून गायिकेला परत दिलं.